काचेची नळी

गेल्या ऑक्टोबरात, भातकापणी ऐन भरात असताना, दक्षिण कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळी सातच्या सुमारास फुरसं चावलेला एक बाप्या आला. कलमांच्या बागेत, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने गवत काढत होता. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ चावलं. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, चावल्या जागेतून पाझरणारं रक्त थांबत नव्हतं. सोबतच्या भावाच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी, बरणीत वेटोळं. रुग्णालयात त्या घडीला जवळजवळ सगळं होतं. फ्रीजमध्ये एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, चाळीस वायल होत्या, सलाईन होतं, ॲड्रिनॅलिन होतं, डॉक्टर जागेवर होते. लॅबच्या रॅकमध्ये जांभळ्या, लाल, निळ्या टोपणांच्या प्लॅस्टिकच्या नळ्या शेकड्यांनी होत्या. नव्हती ती साधी काचेची नळी. सिस्टरनी चार खण उपसले. "रगात गोठला काय ओ?" भाऊ दर दोन मिनिटांनी विचारत होता, आणि गोठलं की नाही ते ज्यात बघायचं तेच सापडत नव्हतं. शेवटी शिपाईमामांनी मोटारसायकल काढली आणि बाजारपेठेतल्या एका खासगी लॅबमधून पेपरात गुंडाळलेल्या चार नळ्या आणल्या. बारा मिनिटं गेली. बाप्या चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला.

भागलं.

रक्त गोठतं की नाही ते बघायची ही चाचणी इतकी साधी की तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, टेक्निशियनही लागत नाही. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची. शिरेतून ताजं रक्त काढून दोन मिली तिच्यात सोडायचं, नळी उभी करायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मध्येच 'बघूया जरा' म्हणून तिरकी करायची नाही. हे सर्वांत कठीण, कारण नातेवाईक डोळ्यांत तेल घालून त्या नळीकडेच बघत असतात. वीस मिनिटं झाली की एकदाच आडवी करायची. रक्ताचा गोळा जागेवर राहिला तर गोठलं. ओघळलं तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष आत काम करतंय. नाग किंवा मण्यार असेल तर ही नळी काही सांगत नाही, तिथे पापण्या जड होतायत का, गिळता येतंय का, हे बघावं लागतं. काचच का, तर रक्त गोठण्याची जी साखळी आहे तिची पहिली कडी काचेला रक्त टेकलं की हलते. प्लॅस्टिकमध्ये ती नीट हलत नाही, मग धडधाकट माणसाचं रक्तही वीस मिनिटांनी पातळच दिसू शकतं. साबणाने धुतलेल्या काचेचीही तीच गत. पावडरीचा अंश आत चिकटून राहतो आणि नळी खोटं बोलते. शंका आली तर शेजारी दुसरी नळी ठेवून तिच्यात निरोगी माणसाचं, बहुतेक वेळा सोबत आलेल्याचंच, रक्त घालतात. दोन्ही ओघळल्या तर दोष नळीचा.

नळी खोटं बोलली म्हणून बिघडतं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. द्यावी की एएसव्ही, औषधच आहे. पण हे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार होतं आणि ते शिरेतून आत जाताच काहींना थंडी भरते, अंगावर गांधी उठतात, क्वचित रक्तदाब कोसळतो, श्वास अडतो. म्हणून ॲड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवल्याशिवाय पहिला थेंब सोडायचा नसतो, आणि ते द्यायचं ते मांडीच्या स्नायूत. शिवाय दहा वायल तयार करणं हेही काम आहे. पांढरी भुकटी असते. प्रत्येक कुपीत दहा मिली डिस्टिल्ड वॉटर घालून ती तळहातांत हळू घोळवायची. घाईने खळखळ हलवली तर फेस होतो, फेसात औषध अडकतं, सिरिंजमध्ये अर्धं येतं. दोघी सिस्टर लागतात आणि तरी पंधरा-वीस मिनिटं जातात. मग सलाईनमध्ये घालून साधारण तासाभरात आत. लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण सापाने विष घालताना वजन विचारलेलं नसतं. हे पालकांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

आणि एक नळी पुरत नाही. पहिलं रक्त गोठलं तरी सोडून देता येत नाही. पहिले काही तास पुन्हापुन्हा बघावं लागतं, कारण फुरशाचं विष सावकाश चढतं. एएसव्ही दिल्यावर पुन्हा सहा तासांनी बघायचं. सहाच तास का, तर विष मारलं तरी गोठण्याचे घटक विषाने आधीच खाऊन टाकलेले असतात, ते नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. दोन तासांनीच नळी लावली, ती ओघळली आणि घाबरून अजून दहा वायल चढवल्या, असं होतं. सहा तासांनीही गोठलं नाही तरच पुढचा डोस. म्हणजे एका रुग्णाला आठ-दहा नळ्या सहज. गवतकापणीच्या आठवड्यात असे दोघे-तिघे आले तर हिशोब करा.

बरणीतल्या वेटोळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. साप पकडून आणू नका, मारूनही आणू नका, असं भिंतीवर लिहिलेलं असतं आणि त्याच भिंतीखाली लोक बरणी ठेवतात. बऱ्याचदा त्या बरणीत मांजऱ्या निघतो, फुरशासारखा नक्षीदार पण माणसाला घातक नसलेला. फुरसं तर रत्नागिरीच्या सड्यांवर इतकं की इंग्रजी अमदानीत ते मारून आणणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. जांभ्याच्या भेगा, चिऱ्यांचे ढीग, गडग्याच्या फटी ही सगळी त्याची घरं. पण चापडा चावला असेल, तो हिरवा, झुडपात लटकणारा, तर आपली एएसव्ही त्याच्यासाठी बनलेलीच नाही; ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची. त्यामुळे बरणीपेक्षा नळीवर विश्वास ठेवावा, असं जुने डॉक्टर म्हणतात.

मग एवढी महत्त्वाची वस्तू संपली कशी? कोणी चोरली नाही की कोणी निष्काळजी होतं असंही नाही. लॅबचं बरंचसं काम टोपणवाल्या प्लॅस्टिक नळ्यांवर गेलं. त्यांत रक्त आपोआप मापात ओढलं जातं, फुटत नाहीत, रंगावरून कळतं कशात काय. काचेच्या नळ्या लॅबला लागेनाशा झाल्या, म्हणून लॅबच्या मागणीपत्रातून गळल्या. त्या लागायच्या कॅज्युअल्टीला, पण कॅज्युअल्टीच्या यादीत त्या कधीच नव्हत्या, कारण लॅबमधून चार उचलून आणायची पद्धत होती. एएसव्हीच्या वायलींचं तसं नाही. त्या महाग आहेत, म्हणून ई-औषधी प्रणालीवर त्यांचा बॅच नंबर आहे, मुदत संपायची तारीख आहे, रोज संध्याकाळी शिल्लक किती ते जिल्ह्याला कळवलं जातं. मुदत संपत आलेल्या वायल जिथे साप जास्त तिथे आधी पाठवायच्या, हेही ठरलेलं आहे. वडापावपेक्षा स्वस्त नळीला बॅच नंबर कोण देणार? रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी करता येते, पण त्यासाठीही कुणाला तरी आधी ती वस्तू संपल्याचं दिसावं लागतं. सरकारी दवाखान्यात महागडी वस्तू अशी अचानक सहसा संपत नाही; स्वस्त वस्तू संपते आणि महागडीला खुंटीला टांगून जाते.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम या बाजूने बघण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जायची. लाल विंचू. घाम, थंडगार हातपाय, आधी चढलेला आणि मग पडलेला रक्तदाब, शेवटी फुप्फुसात पाणी. रात्र रात्र उशाशी बसून त्यांनी ते टिपलं, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, आणि पुढे उपाय निघाला तो प्राझोसिन, रक्तदाबाची एक स्वस्त गोळी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण ती गोळी आरोग्य केंद्राच्या खणात आज आहे का, हे ज्याने त्याने आपापल्या खणात बघायचं.

खण उघडून बघायची ही सवय लागली की रुग्णालय वेगळंच दिसायला लागतं. ऑक्सिजनचा जंबो सिलिंडर भरलेला असतो, सात हजार लिटर. मिनिटाला दहा लिटरने सोडला तर साडेअकरा तासांच्या वर चालतो. पण तो उघडायची चावी कुठे आहे? शहाण्या वॉर्डात ती सुतळीने सिलिंडरलाच बांधलेली असते. जोडणीतला वॉशर झिजला असेल तर फुसफुस आवाज येत राहतो आणि सकाळपर्यंत काटा खाली. साबणाचं पाणी लावलं की बुडबुड्यांनी जागा सापडते. तेलकट हात मात्र त्या जोडणीला लावायचा नाही, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भडका. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प जागोजागी बसले. त्यांच्या पोटात खड्यांसारखे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि साधारण त्र्याण्णव टक्के ऑक्सिजन पुढे जातो. या दाण्यांचा शत्रू म्हणजे दमट हवा, आणि आपण राहतो कोकणात. हवा कोरडी करणाऱ्या यंत्रातलं पाणी निचरायची झडप अडकली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तर दाणे भिजतात आणि शुद्धता दिवसेंदिवस घसरते. प्रकल्प चालू असल्याचा आवाज मात्र तसाच येत राहतो.

विजेचं तर काय सांगावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीच्या बाजूला आठवडेच्या आठवडे अंधार होता. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठी घराघरांत शिरली. तेव्हापासून जनरेटर चौथऱ्यावर किती उंच बसवलाय हे लोक विचारायला लागले, हे चांगलं झालं. पण जनरेटर सुरू होत नाही त्याचं कारण पूर क्वचितच असतं, बहुतेक वेळा बॅटरी असते. खाऱ्या हवेत तिच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते; गरम पाण्याने धुऊन, घासून, वर थोडं व्हॅसलिन लावलं की महिनाभर निश्चिंती. डिझेलच्या टाकीत पावसाळ्यात ओल धरून तळाशी पाणी साठतं, ते काढायचा नळ टाकीच्या बुडाला असतो आणि बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो. कधी नुसती एक पाल पॅनेलमध्ये चिकटलेली असते. दर सोमवारी जनरेटर चालवून बघायचा असा नियम आहे आणि तो पाळलाही जातो, दहा मिनिटं मोकळा चालवून बंद. पण मोकळ्या इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते. त्याच्यावर वॉर्डाचा, ऑपरेशन थिएटरचा खरा भार टाकून अर्धा तास चालवला तरच तो आपल्या उपयोगाचा आहे की नाही ते कळतं. नोंदवही मात्र दोन्हीला सारखीच टिकमार्क देते. लशींच्या फ्रीजवर तापमानाचा तक्ता टांगलेला असतो, दोन ते आठ अंशांच्या मध्ये, रोज सकाळ-संध्याकाळ एक खूण. सात दिवसांच्या चौदा खुणा एकाच शाईत, एकाच दाबाने, एकाच तिरक्या हाताने असतील तर त्या चौदा वेळा काढलेल्या नसतात.

तरी त्या खुणा करणाऱ्या सिस्टरला काही बोलावंसं वाटत नाही. तिच्याकडे तीस खाटा, एक बाळंतीण, दोन ताप, शिवाय ऑनलाइन भरायचे रकाने.

डायलिसिसचा विभाग बघायचा तो मे महिन्यात. एका रुग्णाच्या चार तासांना सुमारे सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि शुद्ध करताना जवळजवळ तेवढंच वाया जातं. विहीर आटली की टँकर. टँकरच्या पाण्यात कुणी सढळ हाताने क्लोरीन घातलेलं असतं. कोळशाची गाळणी थकलेली असेल तर ते रक्तापर्यंत जातं आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहिला रुग्ण जोडण्याआधी पाण्यातलं क्लोरीन तपासायचं. चार थेंब आणि एक रंग, एवढीच ती तपासणी.

कोकणातल्या दवाखान्यांना नावं ठेवताना लोक म्हणतात, इथे नुसती पुढच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी मिळते. रत्नागिरीकडचा गंभीर रुग्ण आंबा घाट चढून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात, सिंधुदुर्गातला बांद्यावरून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे आपला दवाखाना खरा कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ मध्ये आणि रत्नागिरीला २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. पण तालुक्याचं दुखणं तालुक्यातच आहे. सिझेरियन करायला सर्जन असून भागत नाही, भूलतज्ज्ञ लागतो. भूलतज्ज्ञ आला तर रक्त लागतं, आणि रक्त ठेवायचा फ्रीज दोन ते सहा अंशांवर अखंड चालावा लागतो. तीन खुंट्यांची ही तिवई. एक खुंटी निखळली की चिठ्ठी.

चिठ्ठी वाईट नसते, चिठ्ठी कोरी असते हे वाईट. 'पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत' एवढंच लिहिलेलं. खरं तर चावल्याची वेळ, पहिली नळी किती वाजता लावली आणि ओघळली की गोठली, वायल किती दिल्या, शेवटची कधी संपली, रिॲक्शन आली का, लघवी झाली का, ही सहा उत्तरं त्या कागदावर असली तर बांबोळीच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पायाला करकचून दोरी बांधून आणलेली असेल तर ती सोडली का, कधी सोडली, हेही. १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो, त्याच्या तोंडी निरोप दिला की झालं असं वाटतं. पण पोचेपर्यंत त्याचेच चार आकडे विसरलेले असतात. आणि गाडी सुटण्याआधीचा हिशोब ऑक्सिजनचा. छोटा, बी टाइप सिलिंडर दीड हजार लिटरचा. मिनिटाला दहा लिटर लागत असतील तर अडीच तास. रत्नागिरी-कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर, मध्ये घाट, आणि जुलैत घाटात दरड नाहीतर आडवा झालेला ट्रक. अनुभवी ड्रायव्हर दुसरा सिलिंडर न सांगता चढवतो आणि त्याचा काटा स्वतः बघतो, वरचा 'भरलेला' हा टॅग वाचत बसत नाही. घाटाच्या पायथ्याला गाडी थांबवून पुढच्या हॉटेलवाल्याला फोन करून रस्ता मोकळा आहे का विचारणारेही आहेत. हे कुठल्याही परिपत्रकात नाही.

शिपाईमामांची मोटारसायकलही परिपत्रकात नव्हती. अशाच माणसांवर ही सगळी सेवा उभी आहे: ज्याच्याकडे खासगी लॅबवाल्याचा नंबर असतो, जिला कुठल्या गावचा सरपंच टँकर लवकर पाठवतो ते माहीत असतं. ती नसती तर काय झालं असतं, असं वाटतं, आणि त्याच दमात हेही वाटतं की ती आहेत म्हणूनच नळी संपल्याचं कागदावर कधी येत नाही. महिन्याच्या अहवालात त्या संध्याकाळची ओळ अशी असेल: सर्पदंश एक, उपचार एक, मृत्यू शून्य. त्या ओळीत बारा मिनिटं कुठेच नाहीत. भागलं, की ते मिटतं. 'भागत नाही' असं लेखी कळवणारा माणूस मात्र ऑफिसात कटकट्या ठरतो.

यंदा जूनमध्ये, पेरण्या आटोपल्यावर, त्याच कॅज्युअल्टीत पुन्हा जाणं झालं. बाहेर पागोळ्या गळत होत्या, ओल्या छत्र्यांचा वास, बाकावर कांबळं पांघरून एक म्हातारी. सिस्टरनी आपणहून खण उघडून दाखवला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर पट्टी चिकटवून काळ्या मार्करने लिहिलेलं: साप. आत कापसाच्या गादीवर काचेच्या नळ्या, मोजून बारा. शेजारी चिठ्ठी, 'वापरली की लिहा'. दहाच्या वर खुणा होत्या, म्हणजे डबा नुसता ठेवलेला नव्हता, वापरात होता. नळ्या कुठून आणल्या ते विचारलं. वर्गणी काढून, म्हणाल्या, शंभराचा बॉक्स घ्यावा लागतो म्हणून बाजारपेठेतल्या लॅबवाल्याकडून डझनच मागून घेतल्या.

डझन, खुणा दहाच्या वर, आणि डब्यात बाराच्या बारा.

"वापरलेल्या टाकून नाय देत," सिस्टर म्हणाल्या, "मावशी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून ठेवते." एक नळी उचलून नाकाशी धरली. लख्ख होती, एक डागही नव्हता, आणि तिला भांड्यांच्या पावडरीचा लिंबासारखा वास येत होता. मावशी दारात उभी होती, पदराला हात पुसत. सिस्टरच्या तोंडावरचा रंग हळूहळू बदलला. डबा ठेवल्यापासून कोण कोण आलं, कुणाची नळी ओघळली होती, कुणाला किती वायल गेल्या, हे त्या मनात मोजत असाव्यात. मग त्यांनी डबा पुढे ओढला, बाराही नळ्या ट्रेमध्ये काढल्या आणि मावशीला म्हणाल्या, "ह्यो लघवीच्या तपासणीक ठेव. तिथे चालतत."